आधी आशय, मग शैली?



संयोजन समितीने मला आधी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यावर मी आठवड्यातले पाच दिवस पगार घेऊन बोलते, सहाव्या दिवशी फुकट बोलायला लावू नका. मग आवडीच्या विषयावर बोलायची परवानगी मिळाली. ती आवड म्हणजे सिनेमा, आणि त्यातही असा सिनेमा की जो मी आपल्या ग्रुपवर सुचवला की खाली सात-आठ अंगठे येतात आणि बघत मात्र कुणीच नाही. चुकून कुणी बघितलाच, तर दुसऱ्या दिवशी मला वेगळा निरोप येतो, “अगं, हे काय होतं?” आजचं बोलणं त्या निरोपांना एकत्रित उत्तर आहे असं समजा.

मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करते. दहावीच्या वर्षी बाईंनी कवितेचं रसग्रहण कसं लिहायचं ते फळ्यावर आखून दिलं होतं. पहिला परिच्छेद आशयाचा. दुसरा शैलीचा, म्हणजे प्रतिमा, अलंकार, छंद. तिसरा, कविता मला का आवडली. (तिसरा परिच्छेद कविता न आवडताही लिहावा लागायचा, तो विषय पुन्हा कधीतरी.) त्या आखणीतून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की आशय हा मूळ पदार्थ आणि शैली ही वरून पेरलेली कोथिंबीर. असली तर छान, नसली तरी पोट भरतं. बाई, मला आज त्या आखणीशी भांडायचं आहे. परवानगी आहे असं धरून चालते, कारण माइक माझ्या हातात आहे.

एका चित्रपटाची गोष्ट सांगते. बंदराचं गाव. छत्र्यांचं दुकान चालवणारी एकटी आई आणि तिची कोवळ्या वयातली मुलगी. मुलीचं गॅरेजमधल्या एका मेकॅनिकवर प्रेम. त्याला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जीरियात जावं लागतं. तो गेल्यावर कळतं की मुलगी गरोदर आहे. पत्रं विरळ होत जातात, दुकान कर्जात बुडत जातं. एक सज्जन, सुखवस्तू जवाहिऱ्या हे सगळं ठाऊक असूनही मुलीला मागणी घालतो. लग्न होतं. मेकॅनिक जखमी पाय घेऊन परततो तेव्हा दुकान दुसऱ्याचं झालेलं असतं. तोही पुढे दुसऱ्या मुलीशी लग्न करतो. काही वर्षांनी, बर्फ पडत असताना, दोघं एका पेट्रोल पंपावर भेटतात. संपलं.

हा झाला आशय. संध्याकाळच्या मालिकांमध्ये हा आशय वर्षभर दळतात आणि मध्ये दोन मंगळागौरी घालतात. पण हा जाक देमीचा ‘द अंब्रेलाज ऑफ शेर्बूर’ आहे, १९६४चा. कान महोत्सवात त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. आणि यातलं प्रत्येक वाक्य गायलेलं आहे. प्रेमाची कबुलीच नाही, तर गाडीचं इंजिन ठीक झालं का, छत्री केवढ्याला, जेवायला काय आहे, सगळं. संगीत मिशेल लग्राँचं. भिंतींवरचे कागद जांभळे, गुलाबी, पोपटी, आणि पात्रांचे कपडे त्या भिंतींशी जुळवून घेतलेले.

आपल्याला खरं म्हणजे यात विचित्र वाटायचं काही कारण नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, त्यानंतर आपल्या पणज्या-आज्यांनी पात्रांना गाताना बघून रात्र रात्र जागवली आणि वन्स मोअर दिले. मात्र एक फरक आहे. संगीत नाटकात भावना उचंबळली की पद येतं, बाकी वेळ गद्य. देमी गद्य ठेवतच नाही. त्यामुळे मोठ्या क्षणाला आणि किरकोळ क्षणाला एकच मान मिळतो. याचा परिणाम शेवटी कळतो. पेट्रोल पंपावर दोघं समोरासमोर येतात, आणि गाडीत कोणतं पेट्रोल भरायचं, साधं की भारी, हा प्रश्न त्याच सुरात येतो ज्या सुरात कधीकाळी आणाभाका झाल्या होत्या. ती विचारते, गाडीत मुलगी आहे, बघायची आहे का. तो नको म्हणतो. ती निघून जाते. त्याची बायको आणि मुलगा परत येतात, तो मुलाबरोबर बर्फात खेळायला लागतो. दोघांपैकी कुणीही वाईट नाही, दोघांचे संसार बरे चालले आहेत, आणि आपल्या घशात आवंढा.

विशीत मी हा पाहिला तेव्हा माझा सगळा जीव त्या प्रेमी जोडप्यात होता. आता पंचेचाळिशीत पाहते तेव्हा लक्ष आईकडे जातं. ती दुकानाचा हिशेब मनात करत करत गाते. गोष्ट तीच आहे. पण ती गद्यात सांगितली असती तर आई लबाड ठरली असती. सुरात सांगितल्यामुळे तिलाही तिची चाल मिळाली. हे काम शैलीने केलं, कथेने नाही.

आता एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ. सुपारी घेऊन खून करणारा माणूस, पॅरिस, पाऊस. ज्याँ-पिएर मेलव्हिलचा ‘ल सामुराई’, १९६७. अलँ देलाँ त्यात आहे, आणि पहिली सुमारे दहा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. खोली करडी, पिंजऱ्यातला पक्षी करडा, फिल्म रंगीत असूनही जवळजवळ काळी-पांढरी. तो आरशासमोर टोपीची कड बोटाने सारखी करतो, खाली उतरतो, रस्त्यात उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या गाडीत बसतो. शेजारच्या सीटवर किल्ल्यांचा भला मोठा जुडगा ठेवतो आणि समोर बघत एकेक किल्ली लावून पाहतो. पहिली नाही. दुसरी नाही. तिसरी नाही. आमच्या धंद्यात याला ब्रूट फोर्स म्हणतात आणि ते काम आम्ही यंत्रावर सोडून चहा प्यायला जातो. मेलव्हिल आपल्याला त्या सीटवर बसवून ठेवतो. या माणसाचा भूतकाळ, त्याची आई, त्याने हा धंदा का धरला, काहीही कळत नाही. पण तो किल्ल्या कशा लावतो ते कळतं, आणि दहा मिनिटांत तो आपल्याला आपल्या शेजाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतो. चित्रपटाच्या सुरुवातीला बुशिदोच्या ग्रंथातलं म्हणून एक गंभीर वचन येतं. ते मेलव्हिलने स्वतःच रचलेलं आहे. मला तो यासाठी फारच आवडतो.

त्याच वर्षी जपानमध्ये दुसरा एक सुपारीवाला पडद्यावर आला, आणि त्याच्यापायी दिग्दर्शकाची नोकरी गेली. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपल्यापैकी निम्मे लोक नोकरीत आहेत.

सेइजुन सुझुकी हा निक्कात्सु नावाच्या कंपनीत पगारी दिग्दर्शक होता. तिथे त्या काळी मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायला दुसरा, स्वस्तातला चित्रपट लागायचा. त्यासाठी कंपनी पटकथा हातात ठेवणार, नट ठरवून देणार, थोडे आठवडे आणि थोडे पैसे देणार, आणि पुढच्या महिन्यात पुढची पटकथा. बारा-एक वर्षांत त्याने असे चाळीसच्या आसपास चित्रपट काढले. म्हणजे बघा, गोष्ट त्याची नव्हती, नट त्याचे नव्हते, वेळ त्याचा नव्हता. आशय कंपनीच्या मालकीचा. त्याच्या हातात उरलं काय? भिंत कोणत्या रंगाची, माणूस चौकटीत कुठे उभा, एका दृश्यातून दुसऱ्यात उडी कशी मारायची. एवढंच. मग त्याने एवढ्यातच स्वतःला ओतलं. ‘टोकियो ड्रिफ्टर’मध्ये शेवटची मारामारी पांढऱ्याशुभ्र, जवळजवळ रिकाम्या सेटवर होते, जणू वहीच्या कोऱ्या पानावर. मला स्वतःला तो चित्रपट थोडा पातळ वाटतो. पण पुढच्याच वर्षीचा ‘ब्रँडेड टू किल’ म्हणजे कमाल आहे. त्यातला नायक मारेकऱ्यांच्या क्रमवारीत तिसरा आहे, आणि त्याला शिजणाऱ्या भाताच्या वासाने चढते. (कोकणातल्या मंडळींनी हसू नये, तुम्हालाही चढते.) तो नेम धरतो, चाप ओढणार, तेवढ्यात बंदुकीवर फुलपाखरू येऊन बसतं. नेम चुकतो आणि तिथून त्याच्या आयुष्याची घसरण सुरू होते. आता हे ‘समजलं नाही’ असं कुणी म्हणालं तर मी विचारते, यात न समजण्यासारखं काय आहे? ज्याने ज्याने एका क्षुल्लक गोष्टीमुळे हातची संधी गमावली आहे त्याला फुलपाखरू समजतं.

कंपनीच्या प्रमुखांना नाही समजलं. १९६८ साली त्यांनी सुझुकीला काढून टाकलं. कारण असं की याचे चित्रपट कळत नाहीत आणि चालतही नाहीत. एक सिनेक्लब तेव्हा त्याच्या चित्रपटांचा महोत्सव भरवणार होता, कंपनीने प्रती द्यायलाही नकार दिला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सुझुकीने कंपनीवर खटला भरला. तीन वर्षांनी, १९७१मध्ये तडजोड झाली. पण खटला भरणाऱ्या माणसाला दुसरी कंपनी तरी कशाला काम देईल? ‘ब्रँडेड टू किल’नंतर त्याचा पुढचा चित्रपट आला तो थेट १९७७ला. ऐन उमेदीची दहा वर्षं. कोथिंबिरीसाठी कुणी दहा वर्षं मोजत नाही.

पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. १९९९मध्ये अमेरिकेत जिम जार्मुशने ‘घोस्ट डॉग’ काढला. त्यात एका बाजूने मेलव्हिलचा एकाकी सामुराई आहे, आणि दुसऱ्या बाजूने सुझुकीकडून उचललेली एक करामत, पाण्याच्या पाइपातून वर गोळी झाडून केलेला खून. पॅरिस आणि टोकियोमधले ते दोन सुपारीवाले बत्तीस वर्षांनी एकाच माणसात भेटले. आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाँग कार-वाईचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ पाहिला असेल, निदान ते व्हायोलिन ऐकलं असेल. ती शिगेरू उमेबायाशीची धून मुळात सुझुकीच्याच ‘युमेजी’ या १९९१च्या चित्रपटासाठी केलेली होती.

तो हाँगकाँगचा चित्रपट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोनच वाक्यं. शेजारी राहणारा एक पुरुष आणि एक स्त्री, आणि दोघांना कळतं की आपापल्या जोडीदारांचं एकमेकांशी प्रकरण चालू आहे. त्या जोडीदारांचे चेहरे चित्रपटभर नीट दिसतच नाहीत. दिवस किती गेले हेही कुणी सांगत नाही. ती नूडल्स आणायला जिना उतरते, चढते, पुन्हा उतरते, आणि आपल्याला काळ कळतो तो तिच्या बदलत्या चिनी झग्यावरून. कपडा बदलला, दिवस बदलला. कॅलेंडरचं काम शिंप्याने केलंय. ते व्हायोलिन आणि ती संथ चाल आता दागिन्यांच्या दर दुसऱ्या जाहिरातीत दिसते, आणि तिथे ती खरोखर कोथिंबीर असते, कारण तिच्यामागे मोजायचे दिवसच नाहीत.

थोडं माझ्या व्यवसायाबद्दल. चित्रपट सुचवणाऱ्या याद्या जिथे असतात तिथे प्रत्येक चित्रपटाला खाने लावलेले असतात: प्रेमकथा, गुन्हेगारी, विनोदी, भयपट. हे खाने गोष्टीवरून पडतात. त्यामुळे शेर्बूरच्या छत्र्या एका कपाटात आणि करडा सामुराई दुसऱ्याच कपाटात. माझ्या मते हे दोघं सख्खे भाऊ आहेत. एकाने रंग ओतले आणि दुसऱ्याने काढून घेतले, पण दोघांनीही चौकटीतली एकही गोष्ट आपोआप येऊ दिली नाही. हे नातं नोंदवायला याद्यांमध्ये रकाना नसतो. म्हणून ते माणसाला माणसाने सांगावं लागतं, ग्रुपवर अंगठे आले तरी.

आता जाक ताती. विनोदी चित्रपटवाला, ‘मोनाँक्ल’ला ऑस्कर मिळालेला, नाव आणि पैसा दोन्ही हाताशी. त्याने काय करावं? पॅरिसच्या कडेला खराखुरा वाटेल असा काचेच्या आणि पोलादी इमारतींचा अख्खा मोहल्लाच सेट म्हणून बांधला. रस्ते, वाहनं, दिवे यांसकट. लोक त्याला तातीव्हिल म्हणायचे. तीन वर्षं चित्रण चाललं, ७० मिलिमीटर फिल्मवर. दूरच्या इमारतींत आणि गर्दीत काही ठिकाणी माणसांचे पूर्णाकृती फोटो कापून उभे केले आहेत, शोधलेत तर सापडतात. ‘प्लेटाइम’ १९६७ला लागला आणि तातीचं दिवाळं निघालं. आपल्याच जुन्या चित्रपटांवरचे हक्क त्याच्या हातून गेले.

कशासाठी केलं हे सगळं? तर चेहऱ्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही म्हणून. त्याचं म्हणणं असं की विनोद कुठे आहे ते मी बोट दाखवून सांगणार नाही, तुम्ही शोधा. एका दृश्यात त्याचा मिस्यर यूलो वरच्या मजल्यावरून खाली पाहतो, आणि खाली चौकोनी खोक्यांची रांग, प्रत्येकात एक माणूस. १९६७! मी त्या खोक्यात बावीस वर्षं बसले आहे. ते दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले नाही, कारण त्यात मला माझी खुर्ची दिसली. खुर्च्यांवरून आठवलं, प्रतीक्षागृहातल्या काळ्या खुर्च्या बसलं की फुस्स करतात, उठलं की पुन्हा फुस्स करून फुगतात. तातीने आवाज सगळे नंतर बनवून घातले, एकेक निवडून. संवाद नीट ऐकूच येत नाहीत, खुर्ची मात्र स्पष्ट बोलते.

आवाजाचा असा हट्ट धरणारा माणूस बघायला पॅरिसला जायची गरज नाही. पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्या प्रभातच्या आवारात १९३७ साली व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’ केला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वर आधारलेला, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीचा. त्यात पार्श्वसंगीत नाही. दृश्यात जे वाजू शकतं तेच वाजतं. आपण शाळेत ‘कुंकू’बद्दल ऐकलं ते ‘समाजप्रबोधनपर’ एवढंच, म्हणजे पुन्हा आशय. पण शांता आपट्यांची नीरा त्या घरात बसलेली असते तेव्हा तिला धीर द्यायला एकही सारंगी येत नाही. घर जेवढं गप्प असतं तेवढंच ते आपल्यालाही ऐकावं लागतं. बाई, समाजप्रबोधन त्या गप्प राहण्यात आहे.

भयपटांचं सांगितलं नाही तर ‘क’ तुकडी रागवेल. नोबुहिको ओबायाशीचा ‘हाउस’, १९७७. सात मुली सुट्टीत एकीच्या मावशीकडे जातात आणि घर त्यांना एकेक करून खातं. पियानो तर अक्षरशः खातो. कल्पना ओबायाशीच्या लहान मुलीच्या होत्या, आणि त्याने त्या मुद्दाम खोट्या दिसतील अशाच केल्या, कागद कापून चिकटवल्यासारख्या. तुम्ही आधी खो-खो हसाल. मग लक्षात येईल की मावशी युद्धावरून न परतलेल्या माणसाची वाट पाहत राहिलेली आहे. ओबायाशी हिरोशिमा प्रांतातला, त्याचे बालमित्र अणुबॉम्बने नेले. लहान मुलाच्या हातकामासारखी ती शैली मग हसण्यावारी जात नाही.

आणि एक, ज्यावर मी फार बोलणार नाही, कारण त्याला बोलणं चालत नाही. सर्गेई पाराजानोव्हचा ‘द कलर ऑफ पोमग्रॅनेट्स’, सायात-नोवा या अठराव्या शतकातल्या आर्मेनियन कवीवरचा, १९६९. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, संवाद जवळजवळ नाहीत, एकामागून एक चित्रं. पांढऱ्या कापडावर डाळिंबं ठेवलेली, आणि लाल रस पसरत जातो. सोव्हिएत राजवटीला या माणसाचं काहीच पसंत नव्हतं. १९७३च्या अखेरीस त्याला अटक झाली आणि सुमारे चार वर्षं त्याने छावणीत काढली. पहिल्यांदा बघताना वीसच मिनिटं बघा, देवघरात बसतो तसं बसून.

शेवटचा चित्रपट मी मुद्दाम राखून ठेवला, कारण तो या सभागृहाबद्दल आहे.

जिब्रिल दियोप माम्बेती, सेनेगल, १९७३. चित्रपट ‘तुकी बुकी’. करणाऱ्याचं वय अठ्ठावीस, सिनेमाचं रीतसर शिक्षण नाही. डाकार शहरातले दोघं, मोरी आणि आंता. मोरीकडे मोटरसायकल आहे आणि तिच्या हँडलवर बैलाची शिंगांसकट कवटी बांधलेली आहे. दोघांना पॅरिसला जायचंय. पैसे नाहीत, म्हणून लांड्यालबाड्या करतात. जोसेफिन बेकरचं पॅरिसवरचं गाणं पुन्हा पुन्हा वाजत राहतं, इतकं की गोड वाटायचं बंद होतं. प्रसंग सलग येत नाहीत. घडलेलं, घडावंसं वाटलेलं आणि आठवलेलं एकमेकांत मिसळतं, समुद्र मध्येच येतो, कत्तलखान्यातली गुरं मध्येच येतात. (ती दृश्यं खरी आहेत आणि सोसत नाहीत, आधी सांगून ठेवते.) शेवटी कशीबशी तिकिटं हातात येतात, दोघं बंदरावर पोचतात. आंता जहाजावर चढते. मोरी शिडीपाशी थांबतो, वळतो, आणि शहरात परत पळत सुटतो, त्या शिंगांच्या मोटरसायकलकडे. जहाज निघून जातं.

का पळाला? चित्रपट सांगत नाही. कुणी भाषण करत नाही, आईचं पत्र येत नाही. जहाज, दोरीला हिसडे देणारा बैल, पुन्हा जहाज, एवढंच जोडून दाखवलेलं आहे.

मी सहा वर्षं जर्मनीत होते आणि परत आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून लग्नात, बारशाला, लिफ्टमध्ये लोक विचारतात, का गं परत आलीस? माझ्याकडे तयार उत्तरं आहेत. आई एकटी होती, मुलीची शाळा सुरू व्हायची होती, थंडी सोसत नव्हती. सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण नाही. कारण मला ‘तुकी बुकी’च्या त्या जोडकामात दिसलं, आणि तेही समजलं नाही, दिसलं. इथे आज सॅन होजेहून आणि सिंगापूरहून आलेले आहेत, त्यांना उलटा प्रश्न विचारतात, का नाही आलात. त्यांचीही उत्तरं तयार असतील. आंताबद्दलही चित्रपट एक अक्षर बोलत नाही. ती डेकवर उभी राहते आणि किनारा लहान होत जातो. गोष्ट सरळ सांगितली असती तर कुणीतरी एक बरोबर ठरलं असतं, जाणारी किंवा राहणारा. ती मोडून सांगितल्यामुळे दोघांनाही सोडवलं गेलं नाही आणि दोघांनाही दोष लागला नाही. आज सकाळपासून आपण सगळे जरा जास्त मोठ्याने हसतो आहोत, ते कशामुळे, हे ज्याचं त्याला ठाऊक. मला वाटतं या सभागृहातल्या प्रत्येकाने हा चित्रपट एकदा पाहावा, आणि पाहून झाल्यावर ग्रुपवर काहीही लिहू नये.

मुख्य तक्रार राहिलीच, “समजत नाही.” त्यावर एक आठवण बाईंचीच. रसग्रहणाची आखणी फळ्यावर यायची ती दुसऱ्या तासाला. पहिल्या तासाला बाई पुस्तकं बंद करायला लावायच्या आणि कविता दोनदा मोठ्याने वाचायच्या. अर्थ नाही, शब्दार्थ नाहीत, शंका विचारायच्या नाहीत. नुसतं ऐकायचं. म्हणजे शिकवताना बाई आधी शैलीच द्यायच्या, आखणी काय ती परीक्षेपुरती होती. तेव्हा बाई, भांडण मिटलं, तुम्ही माझ्याच बाजूच्या निघालात.

तसंच करा. आधी गोष्ट वाचून बसू नका. वेग दीडपट करू नका. घरात आमची कन्या सगळं दीडपट वेगाने बघते, आणि ‘ल सामुराई’तल्या किल्ल्या दीडपट वेगाने लावल्या तर तो फक्त एक गाडीचोर उरतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कंटाळा आला तर येऊ द्या, पण कंटाळा नेमका कुठल्या चित्राशी आला ते लक्षात ठेवा, बहुधा तिथेच दिग्दर्शकाने काहीतरी ठेवलेलं असतं. आणि नाहीच आवडला तर सोडून द्या. तऱ्हेवाईक म्हणजे चांगला असं अजिबात नाही. नुसते वाकडे कॅमेरे लावून हुशारी मिरवणारे चित्रपट मी अर्ध्यात बंद केले आहेत, आणि त्या रात्री झोप छान लागली आहे.

आता सूचना. चहानंतर चित्रकलेच्या वर्गात पडदा लावला आहे. ‘प्लेटाइम’मधला नव्या रेस्टॉरंटच्या पहिल्या रात्रीचा भाग दाखवणार आहे, साधारण पाऊण तासाचा. रंग ओला आहे, खुर्च्यांच्या पाठीवरचे मुकुट लोकांच्या पाठीवर उमटतात, एकाच माशावर तीन-तीन वेटर मसाला घालून जातात आणि तो वाढत कुणीच नाही. काचेचं दार फुटतं, तर दरवान नुसती मूठ हवेत धरून येणाऱ्यांसाठी दार उघडत राहतो. पडद्यावर एका वेळी पाच ठिकाणी काहीतरी चाललेलं असतं, त्यामुळे शेजारच्याला वेगळ्याच गोष्टीचं हसू आलं तर दचकू नका, त्याला विचारा. कुठेही बसा. पावणेपाचला सुरू करू. उशिरा येणाऱ्यांनाही आत घेऊ, त्या रेस्टॉरंटमध्येही माणसं शेवटपर्यंत येतच राहतात.